कृत्रिम सांधा आणि त्यावरील लेप
(वार्षिक सभेत दिलेले व्याख्यान)



आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे हल्ली गुडघा बदलण्यासाठी अर्ज येतात. काही अर्जदार विचारतात, 'जंतू धरणार नाहीत असा लेप दिलेला सांधा मिळतो म्हणे. त्याचे जास्तीचे पैसे संस्था देईल काय?' प्रश्न रास्त आहे. त्याविषयी जी माहिती आम्ही जमविली, ती आपणांपुढे ठेवतो.

सांधा बदललेल्या शंभर रोग्यांत एकदोघांच्या सांध्यात जंतू शिरतात. संख्या लहान; पण ज्याच्या वाट्याला हे येते त्याची दैना फार. औषध रक्तावाटे पोचते, आणि धातूला रक्तवाहिनी कोठली? जंतू त्यावर बसले की स्वतःभोवती चिकट पापुद्रा तयार करतात व त्याखाली निर्धास्त राहतात. मग पुष्कळदा सांधा काढावा लागतो, कित्येक आठवडे औषधे द्यावी लागतात, आणि पुन्हा दुसरा सांधा बसवावा लागतो.

ग्रिस्टिना या अमेरिकन शल्यविशारदाने १९८७ साली या प्रकाराला शर्यत म्हटले. धातूचा पृष्ठभाग आधी कोण बळकावतो, आपल्या पेशी की जंतू? लेप हा पेशींच्या बाजूने दिलेला हात होय. हँबुर्ग येथे बुखहोल्झ यांनी १९७० च्या सुमारास हाडात सांधा बसविण्याच्या सिमेंटमध्येच जेंटामायसिन मिसळले. ती रीत आजही चालू आहे. पुढे जर्मनीत चांदीचा लेप आला, तो मुख्यतः हाडाच्या कर्करोगात बसवाव्या लागणाऱ्या मोठ्या सांध्यांसाठी. जपानात कानाझावा येथे टायटॅनियमवर आयोडीन चढविण्यात आले. चांदी जंतूंना मारते, पण प्रमाण वाढले तर आपल्या पेशींनाही बाधते. शिवाय जेथे सांधा घासतो तेथे लेप टिकावा कसा? आणि मुळात शंभरांत एकदोघांनाच होणारा विकार लेपामुळे कमी झाला, हे सिद्ध करण्यास हजारो रोगी तपासावे लागतात. साध्या गुडघ्यासाठी तसा भक्कम पुरावा अद्याप झालेला नाही.

याउलट इंग्लंडातील जॉन चार्नली यांचे उदाहरण पाहा. राइटिंग्टन येथील त्यांच्या खुब्याच्या शस्त्रक्रियांत १९६० च्या सुमारास शेकडा सातांच्या आसपास रोग्यांना जंतुदोष होई. त्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती गाळलेल्या हवेची बंदिस्त खोली उभारली, शल्यविशारदांचे कपडे बदलले, टाके घालण्याची पद्धत सुधारली. दहा वर्षांत तेच प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. कोणताही लेप नव्हता!

म्हणून आमचे मत असे, की आधी झालेल्या जंतुदोषामुळे किंवा कर्करोगामुळे शल्यविशारदाने लेखी सुचविले तरच लेपाचा खर्च द्यावा. इतरांच्या बाबतीत तोच पैसा शस्त्रक्रियेपूर्वी खर्चावा. मधुमेह आटोक्यात नसणे, किडलेले दात, पायावरची न भरलेली जखम, तंबाखूचे धूम्रपान, या वाटांनी धोका वाढतो. आमच्या घरांतून दाताचे दुखणे लवंगेवर काढण्याची सवय मोठी!

अर्जाच्या नमुन्यात दंतवैद्याचा दाखला व गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल, असे दोन रकाने वाढवावेत, आणि दातांच्या उपचाराचा खर्च निधीतून मंजूर व्हावा, असा ठराव आम्ही कार्यकारी मंडळाकडे दिला आहे.