जुन्या हैदराबादेत आपली नोंद



गुरुजींच्या स्मृतिदिनी जुन्या हैदराबादविषयी बोलण्याचे मी योजिले, याचे काहींना नवल वाटेल. ते शहर येथून सुमारे ३०० किलोमीटर दूर आणि आपल्या घरांतून बोलली जाते ती मराठी, गोंडी, तेलुगू. तथापि १९४८ पर्यंत आपल्या शेतांचा आणि जंगलांचा निवाडा त्याच शहरात होत असे. म्हणून तेथे जाणे म्हणजे आपल्याच इतिहासाचे दफ्तर उघडणे होय, अशी माझी धारणा आहे.

मुसी नदीवरील नयापूल ओलांडला की जुने शहर लागते. अलीकडच्या तीरावर उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक चिंच आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात हजारो माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा या झाडाच्या आश्रयाने सुमारे १५० जणांचे प्राण वाचले. त्या आपत्तीनंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने धरणांची योजना झाली आणि नगरसुधारणेच्या कामात पत्थरगट्टीची कमानदार दगडी पेठ उभी राहिली. तिच्यातून गेले की चार कमान, आणि पुढे १५९१ साली महंमद कुली कुतुबशहाने उभारलेला चारमिनार. शेजारच्या मक्का मशिदीचे काम कुतुबशाहीत सुरू झाले आणि औरंगजेबाच्या काळात, १६९४ मध्ये, पुरे झाले. लाड बाजारात बांगड्या घेऊन बहुतेक प्रवासी येथूनच माघारी वळतात.

मी मात्र आणखी थोडे दक्षिणेस, शाह अली बंड्यापर्यंत जावे असे म्हणेन. तेथे राजा रायरायान यांचा घड्याळाचा मनोरा आहे. त्याच्या चार तबकड्यांवरील अंक चार लिप्यांतील आहेत: रोमन, अरबी, तेलुगू आणि देवनागरी. रायरायान हे मराठी ब्राह्मण घराणे. निजामाच्या राज्यात महसुलाची दोन मोठी दफ्तरे वंशपरंपरेने चालत. मराठी मुलखाचे दफ्तर-ए-दिवाणी या घराण्याकडे आणि तेलंगणाचे दफ्तर-ए-माल मालवाला या कायस्थ घराण्याकडे असे. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी नवी कारभारपद्धती आणली, तेव्हा या दफ्तरांचे महत्त्व ओसरले.

दफ्तरे बदलली, तरी एक गोष्ट कायम राहिली. ज्याच्या जमिनीला कागद नाही, त्याला दरबारी नाव नाही. आपल्या डोंगरांतील गोंड शेतकऱ्याचे दुःख नेमके हेच होते. पिढ्यान् पिढ्या तो जमीन कसत आला. पुढे राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या आणि बाहेरून आलेल्यांनी पट्टे मिळविले. १९४० मध्ये जोडेघाट येथे कोमराम भीम पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, त्या संघर्षाचे मूळ येथे आहे. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ मारलवाईत येऊन राहिले. त्यांच्या प्रयत्नांनी गोंडांना पट्टे मिळू लागले, गोंडीतून शिकविणारे शिक्षक तयार झाले. दफ्तरात नोंद झाली, पण रक्त सांडल्यावर.

१९५६ मध्ये हैदराबाद राज्याची विभागणी झाली. आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट मुंबई राज्याकडे गेले. आपण आंध्र प्रदेशात राहिलो आणि २०१४ पासून तेलंगणात आहोत. जमिनीचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. २० एप्रिल १९८१ रोजी याच इंद्रवेल्लीत जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. मृतांचा सरकारी आकडा १३. इतरांनी सांगितलेले आकडे त्याहून कितीतरी मोठे. आपल्या गावचा स्मृतिस्तूप त्यांचा आहे.

विद्यार्थी मित्रहो, सहलीला जाल तेव्हा चारमिनार डोळे भरून पाहा. त्याचबरोबर प्रत्येक देवडीपुढे एक प्रश्न मनाशी विचारा: येथे आमच्या गावाविषयी काय लिहिले गेले, आणि काय लिहावयाचे राहिले? राहिलेले लिहिण्यास हैदराबादेहून कोणी येणार नाही. १९८१ चा तो दिवस पाहिलेली माणसे अद्याप आपल्यात आहेत. त्यांच्यापाशी बसा, त्यांच्याच भाषेत त्यांचे बोल उतरवून घ्या. शाळेने त्यासाठी एक वही ठेवावी आणि माजी विद्यार्थ्यांनी तिला हातभार लावावा, अशी माझी नम्र सूचना आहे. ज्या गुरुजींनी आपल्याला अक्षर दिले, त्यांचे ऋण त्या अक्षराच्या उपयोगानेच फिटावे.