पाहिलेलें कसें लिहावें?

कल्पित कथा लिहिणारास एक सवलत असते : प्रसंग रंगला नाहीं, तर तो बदलतां येतो. खरें घडलेलें लिहूं पाहणारास ती नाहीं; वाचकास खिळवून ठेवण्याची जबाबदारी मात्र तितकीच. ही कला शिकूं इच्छिणारानें अलंकारशास्त्र बाजूस ठेवून विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ आधीं उघडावा.

गोडसे वरसईचे भिक्षुक. कर्ज फिटावें म्हणून दक्षिणेच्या आशेनें ते १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. १८५८ सालीं इंग्रजी फौजेनें झांशीस वेढा घातला, तेव्हां ते शहरांतच होते. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनीं ही हकीकत लिहिली, तीहि सुमारें पंचवीस वर्षांनीं.

काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग पाहावा. झांशी पडलेली आहे. भटजी विहिरीपाशीं असतां धुळीनें माखलेली, तहानेनें व्याकुळ झालेली राणी तेथें येते. ते पाणी काढून देऊं लागतात. विद्वान ब्राह्मणाकडून ती सेवा न घेतां ती स्वतःच दोरी हातीं घेते. शौर्याचें स्तोत्र येथें कोठेंच नाहीं. विहीर, दोरी आणि तहान एवढ्यांतच एका राज्याचा अंत दिसतो. एखाद्या हौशी लेखकानें येथें विशेषणांची केवढी आतषबाजी केली असती !

मात्र गोडशांचें सर्वच प्रमाण मानूं नये. जेथें ते स्वतः नव्हते, तेथील वृत्तांत ऐकीव आहेत, आणि त्यांत अफवाहि शिरल्या आहेत. झांशीचीं पानें व हीं पानें लागोपाठ वाचलीं, कीं डोळ्यांनीं लिहिलेलें कोणतें आणि कानांनीं लिहिलेलें कोणतें, हें न सांगतां कळतें. एकांत वस्तू आहेत, दुसऱ्यांत नुसत्या घटना.

गोडशांच्या पश्चात् १९०७ सालीं वैद्यांनीं ग्रंथ छापला. पण भाषा सफाईदार करून आणि कांहीं मजकूर गाळून. हेतु चांगलाच होता. वैद्यांनीं आग्रह धरला नसता, तर ग्रंथच झाला नसता ! तथापि भटजींचा मूळचा ओबडधोबड आवाज महाराष्ट्रास ऐकूं आला तो १९६६ सालीं, दत्तो वामन पोतदारांनीं मूळ हस्तलिखितावरून आवृत्ति काढली तेव्हां.

शिकणारानें दोन्ही आवृत्त्या शेजारीं ठेवून एकच प्रसंग मोठ्यानें वाचावा. मग घरांतील वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडची एखादी हकीकत उतरून घ्यावी, आणि ती सुधारण्याचा मोह झाला, तर कोणता शब्द बदलावासा वाटला तो समासांत टिपून ठेवावा.