पायवाटांची नोंद

डहाणू-तलासरीची खरी ओळख महामार्गावरून होत नाही, पायवाटेवरून होते. केंद्र सरकारने 1991 साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला आणि उद्योगांवर मर्यादा आल्या. त्यामुळे बोर्डी-घोलवड परिसरात सुरूची बने, चिकूच्या वाड्या, भातखाचरं आणि वारली पाडे आजही चालत जाण्याच्या अंतरात आहेत. हा सपाट किनारपट्टा ज्येष्ठांनाही सहज झेपतो. ज्यांचे पाय धडधाकट आहेत त्यांच्यासाठी बहारोटच्या गुंफांचा डोंगर आहेच. पारशी परंपरेनुसार ‘इराणशहा’ हा पवित्र अग्नी संकटकाळात तिथे जपला गेला.

या पायवाटा नोंदवून चालणाऱ्यांसाठी खुल्या ठेवायला हव्यात. कुणी म्हणेल, वाड्या खासगी, परके लोक आले की नासधूस होणार. शंका रास्त आहे. पण उपाय वाट बंद करण्यात नाही, ती निश्चित करण्यात आहे. इंग्लंडमध्ये 1949 च्या कायद्याने गावोगावच्या पायवाटा नकाशावर नोंदवायला लावल्या. तिथे चालणाऱ्याचा हक्क वाटेपुरता, शेतावर नाही. दुसरा आक्षेप असा, की ही शहरी हौस आहे. पण शाळा, बाजार, पाणवठा यांसाठी या वाटा रोज तुडवतात ते इथलेच लोक. नोंदीचा पहिला फायदा त्यांनाच होईल. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, त्यामुळे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. तेव्हा येत्या ग्रामसभेत गावनकाशा मागवा आणि त्यावरच्या पायवाटा प्रत्यक्ष चालून तपासा.