खाडीपलीकडचे शहर

१९५८ साली चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत व्यवसाय आरंभला, तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. साबरमतीच्या गांधी स्मारक संग्रहालयात त्यांनी खिडक्यांना काचा न लावता कौलारू छपरांखाली वारा खेळता ठेवला. परंतु इमारत उत्तम झाली म्हणून शहर सुधारतेच असे नाही. दक्षिणेला कचेऱ्या, उत्तरेला घरे आणि मधे खचाखच भरलेल्या लोकलगाड्या! यास्तव १९६४ च्या सुमारास प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी खाडीपलीकडे नवे शहर सुचविले. नुसती घरे नव्हेत, रोजगारही तिकडे न्यावा, विशेषतः शासकीय कचेऱ्या न्याव्यात, हे त्यातील मर्म. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. कोरिया तिचे मुख्य वास्तुशिल्पी झाले. नवी मुंबई वसली. मंत्रालय मात्र दक्षिण मुंबईतच राहिले.