चवदार तळे आणि शहरातील नळ

(डोंगरकडा येथील बौद्ध बांधवांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या कळमनुरी तालुक्यातून पोटासाठी नांदेड, पुणे, मुंबईकडे जाणारांची संख्या थोडी नाही. गावाबरोबर जातीचा पाणवठाही मागे राहिला, असे त्यांना वाटते. परंतु शहरातही पाण्याची पंगत वेगळीच बसते, हे मला आज सांगावयाचे आहे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. पण ठराव दप्तरात आणि पाणी दुसऱ्याच्या घागरीत, अशी स्थिती होती. पुढे प्रतिपक्षाने दिवाणी दावा लावला. अस्पृश्यांस वगळण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे हे त्यांना शाबीत करता आले नाही, म्हणून १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. एका तळ्यासाठी दहा वर्षे! संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी व तलाव यांचा नावानिशी उल्लेख आहे, त्याचे मोल यावरून कळावे.

आज तळ्याची जागा नळाने घेतली आहे. नळ उघडपणे जात विचारीत नाही. तो पुरावा मागतो. झोपडी केव्हाची? जमीन कोणाची? गावात ज्याला वीतभर जमीन मिळाली नाही, त्याने हा पुरावा आणावा कोठून?

हा प्रश्न पाणी हक्क समितीने मुंबईत न्यायालयापुढे नेला. १५ डिसेंबर २०१४ रोजी उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, पाणी हा २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे. १ जानेवारी २००० नंतरची झोपडी बेकायदा असली, तरी तीत राहणाऱ्या माणसास पाणी सर्वस्वी नाकारता येणार नाही. मात्र कायद्याने राहणाऱ्या नागरिकाच्या बरोबरीने त्याला पाणी मागता येणार नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. तहान मान्य झाली. समता बाकी राहिली.

२०२२ साली मुंबई महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण जाहीर केले. त्याचे स्वागतच आहे. तथापि महाडचा तो ठराव आपण विसरता कामा नये. हक्क बजावल्यावाचून नळाला पाणी येत नाही. म्हणून शहरातील आपल्या भावाबहिणींना कळवा: एकट्याने आर्जव करू नका, वस्तीचा एकत्र अर्ज करा, पोच घ्या, आणि नकार मिळाल्यास तो लेखी मागा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण समतेची प्रतिज्ञा घेतली. ती विहारापुरती नाही. ती नळाच्या रांगेतही पाळावयाची आहे.

जय भीम!