वणवा लागण्याआधीचा पैसा

याकोबाच्या पत्रात जिभेला आग म्हटले आहे. आमच्या गडचिरोलीत आग खरीच असते, फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसापर्यंत. मोहफुले वेचता यावीत म्हणून बाया झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून कोणी झुडपे पेटवतो. वारा सुटला की रान जाते, आणि बोल लागतो बायांनाच. पाला जाळू नका, झाडून घ्या, हे सांगणे सोपे. त्या दिवसांची मजुरी कोण देणार?

पैसा आहे. २०१५ पासून पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट मिळतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते, आणि वनसंवर्धन त्यात बसते. म्हणजे जाळरेषा काढणे, पाला गोळा करणे, राखणदारांची मजुरी. पण माझ्या पाहण्यात आधी रस्ता आणि सभामंडपच होतो. सिमेंट दिसते ना!

तुम्ही विचारता, काय पाठवू? औजारे नकोत. ठराव आणि अंदाजपत्रक लिहायला बायांच्या शेजारी बसेल असा एक माणूस द्या, नाताळाच्या गडबडीआधी. फेब्रुवारीत फार उशीर होतो.