आम्ही फेकलेली कातडी

(पावसाळी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)

एवढ्या पावसात छत्र्या निथळत आलेल्या मंडळींनो, पत्रिकेत विषय छापलाय 'झाडबेडकांच्या त्वचेतील जंतुनाशक पेप्टाइडे'. मघाशी आत येताना एक काकू शेजारणीला म्हणत होत्या, "कालचा वक्ता तरी गाणं म्हणत होता!" (हशा) पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा, अमिनो आम्लांची माळ. फ्लेमिंग, पेनिसिलिन, जंतू औषधांना कसे निर्ढावले, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पुढे जाऊ.

ऑस्ट्रेलियातला हिरवा झाडबेडूक. तळहातावर मावेल एवढा, गुबगुबीत, स्वभावाने निवांत. तिथल्या घरांत तो खुशाल संडासात येऊन बसतो. त्याच्या कातडीत ग्रंथी असतात. जिवावर बेतलं की त्यांतून दुधाळ स्राव सुटतो. ॲडलेडचे मायकेल टायलर आणि जॉन बोवी यांनी अशा झाडबेडकांच्या स्रावातून 'केरिन' पेप्टाइडं वेगळी काढली. त्यातली केरिन १.१ म्हणजे अवघ्या २५ मण्यांची माळ. जंतूच्या आवरणावर ऋण भार असतो, माळेवर धन. ती जाऊन चिकटते, मळसूत्रासारखी वळते, आवरणात घुसते आणि जंतूला गळती लागते. आपल्या पेशींच्या बाहेरच्या अंगाला तसा भार जवळजवळ नसतो, म्हणून त्या बऱ्याचशा वाचतात. 'बऱ्याचशा' म्हणालो हं. काही पेप्टाइडं आपल्या तांबड्या पेशीही फोडतात.

आता मला जे सांगायचंय ते. मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. जूनमध्ये एक मामा ओलं पोतं घेऊन यायचे, पोतं आतून हलत असायचं. क्लोरोफॉर्म, मेणाचा ट्रे, चार पायांना चार टाचण्या. मग पोटावरची कातडी चिमट्याने उचलायची आणि कात्रीने मधोमध उभी कापायची. आतलं हृदय अजून उडत असायचं. मुली तोंड फिरवायच्या, मुलं उगाच शूर व्हायची. मी ओरडायचो, "कातडी बाजूला करा रे, बघायचं ते आत आहे!" तास संपला की सगळं बादलीत. बोटांना तो बुळबुळीत चिकटा राहायचा, तो आम्ही साबणाने तीनतीनदा धुवायचो. (हशा) हसा. ज्याच्यावर पुढे शोधनिबंध निघाले, त्याच्या जातीतलंच काहीतरी मी लाइफबॉयने धुतलंय.

१९८७ साली अमेरिकेत मायकेल झॅस्लॉफ आफ्रिकी नखवाल्या बेडकांच्या पोटावर शस्त्रक्रिया करत होते. टाके घालून बेडूक पुन्हा घाण पाण्याच्या टाकीत सोडायचे. जखमा चिघळायला हव्या होत्या, त्या भरून यायच्या. हे बघून त्यांनी कातडी तपासली. जे सापडलं त्याचं नाव ठेवलं 'मॅगेनिन', ढाल या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून. आणि त्याच १९८७ मध्ये भारताने बेडकाच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. योगायोगच, पण माझ्या डोक्यातून जात नाही.

माझं म्हणणं एवढंच, की या विषयातला मोठा शोध रेणूचा नाही, रीतीचा आहे. इटलीचे एर्स्पामेर हे थोर गृहस्थ, या क्षेत्राचे आजोबाच. पण त्यांचं काम वाळवलेल्या कातड्यांच्या ढिगांवर चालायचं. टायलर-बोवींच्या गटाने सौम्य विजेचा झटका देऊन ग्रंथी आकुंचित केल्या, स्राव पाण्याने धुऊन घेतला आणि बेडूक सोडून दिला. ग्रंथी पुन्हा भरतात! म्हणजे तोच बेडूक पुन्हा...

(अध्यक्षांकडून चिठ्ठी) सात मिनिटं? मी तर अजून प्रस्तावनेत आहे. (हशा)

समोरचे डॉक्टरसाहेब केव्हापासून मान हलवताहेत: "औषध कुठंय?" रास्त आहे. मॅगेनिनवरून पेक्सिगॅनान नावाचं मलम झालं, मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजुरी नाकारली. चालू प्रतिजैविकापेक्षा ते सरस ठरलं नव्हतं. शिवाय शरीरातली विकरं अशा माळा तोडतात, आणि त्या बनवायला महागही पडतात. मी बेडकाचा वकील आहे, विक्रेता नाही.

झाडबेडकावरून घसरून आपल्या घाटात येतो, माफ करा. 'हायड्रोफिलॅक्स बहुविस्तार' हा सह्याद्रीतला बेडूक. त्याला हे नाव २०१५ मध्ये पुण्याच्या संशोधकांसह एका गटाने दिलं. दोनच वर्षांनी केरळच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या स्रावातून 'उरुमिन' काढलं, केरळच्या लवचिक तलवारीवरून नाव. ते एच१ जातीच्या फ्लूच्या विषाणूंना मारतं. उंदरांवर गुण दिसला, माणसांची गोष्ट अजून दूर आहे. पण साताठ सेंटिमीटरचा प्राणी! आमच्या पोत्यात असा एखादा आला असता, तर मीच "हा लहान आहे, बाजूला टाका" म्हटलं असतं.

दुसरी चिठ्ठी. बरं. काकू, ती बादली कुठे रिकामी व्हायची म्हणता? कॉलेजमागच्या ओढ्यात. आणि मामा पुढच्या जूनचे बेडूक त्याच ओढ्यावरून धरून आणायचे.